डावीकडे पाव फेरा

दर रविवारी सकाळी नऊ वाजता डुक्कर फियाट धोंडूमिस्त्रींच्या खिडकीखाली आणून उभी करायची, हा नियम कोणी घातला होता ते आता घरात कोणालाच सांगता आलं नसतं. पण पाळला जायचा तो उपासासारखा. शेवंती आधी वडिलांना उशीला टेकवून बसवायची, ओठांच्या कडेची लाळ टिपायची, खिडकी सताड उघडायची. मग पोरीला, उत्तराला, कडेवर मारून ओट्यावर यायची आणि नवऱ्याला म्हणायची, "अहो, आणा."

जयवंत गाडी आणायचा म्हणजे अंगणाच्या त्या टोकाच्या पत्र्याच्या गॅरेजातून ह्या टोकाच्या खिडकीपर्यंत. पंचवीस पावलं. पण तेवढ्यासाठी तो आंघोळ करून, भांग पाडून तयार असायचा. छप्पनची गाडी. मागून गोल, पुढून नाकाड. निघाली की लेकुरवाळी डुकरीण निघाल्यासारखी दिसायची. त्या मॉडेलला सगळी मुंबई डुक्करच म्हणायची, त्यात अपमान नव्हता. धोंडूमिस्त्रींनी ती भंगारात निघालेली उचलली, उभी केली, आणि अठरा वर्षं तिला आपल्या आणि आपल्या चेल्याच्या हाताशिवाय कोणाचा पाना लागू दिला नाही.

मिस्त्री मूळचे मालवणकडचे. गिरणीतली फिटरची नोकरी सोडून जोगेश्वरीत, गुंफेकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी हे गॅरेज टाकलं. बायको गेल्यावर लेक आणि जावई इथेच राहायला आले. आणि दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, माणसांची ओळखही गेली. डॉक्टर भले गृहस्थ, पण तोंडाचे सरळ. म्हणाले, "जे राहिलंय तेवढं सांभाळा. नवीन काही यायचं नाही."

राहिलं होतं ते रविवारी दिसायचं.

जयवंत खिडकीखाली गाडी लावून इंजिन चालू ठेवायचा, बॉनेट उघडायचा. मिस्त्रींचा डावा हात गोधडीवरून हळूहळू वर यायचा. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकलेली, जणू मधे एखादा बारका स्क्रू धरलाय. हात क्षणभर हवेत थांबायचा. मग बोटं फिरायची. कधी डावीकडे पाव फेरा, कधी उजवीकडे त्याहून कमी. बॉनेटपाशी अर्बन वाकलेला असायचा; सोळाव्या वर्षी मिस्त्रींच्या हाताखाली आलेला, त्यांचा चेला तो हाच. त्याची नजर खिडकीवर. मिस्त्रींची बोटं फिरली की तो कार्बोरेटरचा स्क्रू तेवढाच फिरवायचा, आणि इंजिनाची किंचितशी अडखळ निघून जायची. पोट भरलेल्या पोरासारखी गाडी एका लयीत श्वास घ्यायला लागायची. हात खाली. मग मिस्त्री मान वळवून खोलीत कोणाला तरी शोधायचे, शेवंतीवर नजर थांबायची, आणि म्हणायचे, "चेडू."

मालवणकडे लेकीला म्हणतात तसं. आठवड्यातून एकदा, एकच शब्द. त्यानंतर अर्धा तास ते तिच्या हातून वाटीभर पेज नीट खायचे, उत्तराच्या पायातल्या वाळ्याला बोट लावून बघायचे. मग सोमवार ते शनिवार शेवंती पुन्हा कोणीतरी येणारी-जाणारी बाई. भरवते, पुसते, कूस बदलते. ते सहा दिवस ती त्या अर्ध्या तासाकडे बघून ढकलायची.

मिस्त्रींचं झालं की अंगणात कट्टा बसायचा. तिघेच, पण आवाज तेरा जणांचा. अर्बन, त्याचं आता मरोळच्या गावठाणात स्वतःचं गॅरेज होतं. जयवंत, एका कारखान्यात स्टोअरकीपर. गाड्यांचं वेड त्याला सासऱ्यांकडून हुंड्यात मिळालं असं अर्बन म्हणायचा. आणि पार्ल्याहून येणारा चंद्रप्रकाश. त्याची पद्मिनी म्हणजे मांडवात बसवलेली नवरी. बकेट सीटा, काळ्या काचा, स्टिअरिंगजवळचा गिअर काढून खाली बसवलेला, आणि गाडी मागे घेताना कोकलणारी पिपाणी.

"काय रे, नंबर लागला काय तुझ्या मारुतीचा?" अर्बन दर रविवारी विचारायचा.

"लागेल. त्र्याऐंशीला पैसे भरलेत."

"त्र्याऐंशीला! तवा जयवंताला पोर नव्हतं. आता तिला दात आले, चालायला लागली. तुजी मारुती अजून पोटातच."

"येऊ दे तर खरी. मी एसी लावून बसेन, तू घाम पुस."

"पत्र्याचा डबा तो. टेकलास तर पोचा येईल. ही आमची डुक्कर बघ. डबलडेकरने धडक दिली तर डबलडेकर रडेल."

"आणि पेट्रोल पिते ते? एक तर म्हातारी, त्यात बेवडी."

सगळे हसले. जयवंत मात्र हसला नाही. ती गोष्ट सुरू झाली ती इथून, आणि पुढे शेवंतीने हा क्षण किती वेळा उलटा-सुलटा करून पाहिला त्याला गणती नाही.

"तेच म्हणतो मी," जयवंत म्हणाला. "बाबांना आठवड्यातून दोनदा पार्ल्याला व्यायामाला न्यायला सांगितलंय. टॅक्सीवाले उचलून बसवायचं म्हटलं की तोंड फिरवतात. दारात गाडी आहे, आणि तिला पंचवीस पावलांपुढे न्यायची ऐपत नाही."

"डिझेल टाक ना यार," चंद्रप्रकाश म्हणाला. "टेम्पोचं इंजिन. माझ्या साडूने ॲम्बॅसिडरमध्ये टाकलंय. झकास."

अर्बनने मान हलवली. "बसणार नाय. जागाच नाय तेवढी."

"बसेल," शेवंती म्हणाली.

ती चहाचं ताट घेऊन उभी होती. तोंडातून निघून गेलं. तिघांनी वर पाहिलं, तेव्हा परत फिरायची सोय नव्हती, म्हणून ती बोलत राहिली. "पुढची आडवी पट्टी कापून दोन इंच पुढे घ्यायची. रेडिएटर थोडा तिरका. माउंटिंगचे रबर जाड घालायचे. आणि पुढच्या स्प्रिंगांखाली पट्ट्या टाकायच्या, नाहीतर वजनाने नाक जमिनीला टेकेल."

अर्बनने बोटांनी हवेत दोन इंच मोजले. मग चंद्रप्रकाश म्हणाला, "वहिनी, तुम्ही उभ्या का? बसा ना. अर्बन, स्टूल दे रे."

लग्नाला सात वर्षं झाली होती. ह्या कट्ट्यावर तिने शेकडो वेळा चहा आणला होता. स्टूल पहिल्यांदा मिळालं.

आठव्या वर्षी ती बॉनेटवर पालथी पडून इंजिन ऐकायची. मिस्त्रींकडे लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर होता. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. आतलं सगळं ऐकू येतं; कुठला सिलिंडर आजारी, कुठला सोंग करतोय. "गाडी खोटा बोलणा नाय, चेडवा," वडील म्हणायचे, "आयकूक येवक व्हया." पंधराव्या वर्षी आईने ते बंद केलं. नखांतलं ग्रीस बघून ह्या पोरीला कोण करील, म्हणाली. तेव्हापासून ती विद्या ट्रंकेच्या तळाला, शालूखाली. त्या रविवारी ती बाहेर आली. मांडीवर उत्तराला थोपटत शेवंती तासभर बोलली, अंगणातल्या फरशीवर खडूने पट्टी कुठे कापायची ते काढून दाखवलं. अर्बन म्हणाला, "मिस्त्रीची बेटी शोभतेस गो." तिचे कान गरम झाले. त्या तासात वजन निघालं, गिअर निघाले, डिझेलचा वास निघाला. एका गोष्टीचं नाव मात्र कोणी घेतलं नाही, आणि जिने ते घ्यायचं ती स्टुलावर बसून सुखात होती.

गाडी महिनाभर मरोळला अर्बनच्या गॅरेजात राहिली. चार रविवार रिकामे गेले. शेवंतीने मनाची समजूत घातली, एक महिना कळ काढू.

पाचव्या रविवारी गाडी आली. रंग तोच, हिरवा. नाक तेच. जयवंतने पुढे झेंडूचा हार घातला होता. खिडकीखाली उभी राहिली तेव्हा तावदानं थडथडली, मांडणीतली पातेली एकमेकींना भिडली, आणि उत्तराने भोकाड पसरलं.

"बाबा, डुक्कर आली बघा," शेवंती ओरडून म्हणाली. ओरडल्याशिवाय ऐकूच आलं नसतं.

मिस्त्रींनी गाडीकडे पाहिलं. चांगलं पाहिलं. आणि डोळे मिटले. हात गोधडीवर होता तसाच राहिला. त्या दिवशी पेज ओठांच्या कडेने सगळी बाहेर आली.

"सवय नाही अजून," जयवंत म्हणाला.

पुढच्या रविवारी गाडी तोंड फिरवून लावली. त्याच्या पुढच्या रविवारी दोघा-तिघांनी उचलून मिस्त्रींना गाडीतच बसवलं, डावा हात स्टिअरिंगवर ठेवला. हात घसरून मांडीवर पडला. पार्ल्याच्या खेपा मात्र सुरू झाल्या, त्यासाठीच केलं होतं ना सगळं. गाडी न कुरकुरता न्यायची आणि आणायची. मागच्या सीटवर शेवंती वडिलांचं डोकं खांद्यावर घेऊन बसायची, आणि ते काचेतून बाहेर बघत राहायचे. बसमधल्या अनोळखी माणसाने बघावं तसे.

तिला कळलं ते एका दुपारी. भांडी घासायची म्हणून तिने बांगड्या काढून कोनाड्यात ठेवल्या होत्या. उत्तरा झोळीत चुळबुळली, म्हणून ती ओल्या हातांनी धावत गेली, झोका दिला. पोर थांबेना. तोंडाशी तोंड नेलं तरी डोळे मिटून रडतच होती, जणू परक्या बाईने उचललंय. शेवंती बांगड्या चढवत परत आली, दोन पावलांवर असतानाच पोरगी गप्प झाली. डोळे मिटलेलेच.

शेवंती झोळीची दोरी धरून उभी राहिली. बाबांनी गाडी कधी बघितलीच नव्हती, ऐकली होती. सगळ्यांना वाटायचं, गाडी बघून म्हाताऱ्याला आनंद होतो. जन्मभर ज्याने डोळे मिटून इंजिन तपासलं, त्याला तिने हार घातलेला पत्रा दाखवला होता. आणि आतला गळा स्वतःच्या हाताने, खडूने खूण करून, कापून टाकला होता.

"जुनं इंजिन परत बसवा," संध्याकाळी तिने जयवंतला सांगितलं. का ते सांगितलं, तेव्हा तो चपला न काढता ओट्यावर बसला.

दुसऱ्या दिवशी अर्बन आला. उंबऱ्याच्या आत येईना.

"इंजिन गोराईला हाय," तो म्हणाला. "माज्या बहिणीचा, एमिलियाचा नवरा घेऊन गेला. रेमंड. वाडीला पाणी लावायला पंप पायजे होता त्याला. मी म्हटलं, पडून गंजण्यापेक्षा..."

"आणि हेड? सिलिंडरांवर जुनंच हेड आहे ना?"

अर्बनने खाली पाहिलं. "त्याला तडा होता गो. ॲल्युमिनियमच्या भट्टीत दिलं. रेमंडला दुसऱ्या गाडीचं घासून बसवून दिलं मी."

ती चिडली नाही. चिडायचं कोणावर? तरी म्हणाली, "मला ऐकायचंय एकदा."

मध्यंतरी त्यांनी दुसऱ्या फियाटही खिडकीखाली आणून पाहिल्या. चंद्रप्रकाशने पद्मिनी आणली, पिपाणीची वायर स्वतः उपटून. अर्बनने गिऱ्हाइकांच्या दोन आणल्या. मिस्त्रींच्या लेखी अंगणात कोणी आलंच नव्हतं.

तेव्हा एका शनिवारी बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडून शेवंती, जयवंत आणि अर्बन गोराईला गेली. उत्तरा शेवंतीच्या कडेवर, पिशवीत वडिलांचा लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर, आणि जयवंतच्या खांद्याला चंद्रप्रकाशचा टू-इन-वन. टेप न्यायची कल्पना तिची. इंजिन परत बसण्यासारखं नसलं, तर निदान आवाज आणता येईल.

एमिलिया, अर्बनची धाकटी बहीण, विहिरीशीच भेटली. कमरेला पदर खोचलेला, हातात भेंडीची टोपली. येण्याचं कारण आधीच कळलं होतं तिला.

"इंजिन नेशील गो," ती म्हणाली, "पण माजी वाडी कोण शिंपणार? देव?"

"गप ना," रेमंड म्हणाला. उंच, लाजरा माणूस. "हिच्या बापाचं इंजिन हाय ते."

"मग माज्या भेंडीचा बाप कोण?"

शेवंतीला हसू आलं. किती दिवसांनी आलं. "नेत नाही गं. ऐकते फक्त."

विहिरीच्या काठाला दोन जाड ओंडक्यांवर ते बसवलं होतं. रेडिएटरच्या जागी पाण्याचा पिंप, सायलेन्सरच्या जागी नळाचा तुकडा. रॉकेलवर चालायचं. रेमंडने हँडल मारलं, धुराचा लोट आला, पट्टा फिरला आणि पाणी पाटात पडलं. शेवंतीने उत्तराला जयवंतकडे दिलं, गुडघ्यांवर बसली, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या कुशीला टेकवलं आणि मूठ कानामागे.

आत सगळे सिलिंडर होते. चौघंही. तिसऱ्याची जुनी कुरबूर, जिला बाबा 'व्हनीचा बोलणा' म्हणायचे, तीही होती. पण वरून दुसरंच तोंड बसवलेलं. गावातल्या माणसाने परमुलखात जाऊन तिथली बोली बोलावी, तसं. ती बराच वेळ ऐकत राहिली. मूठ कानावर दाबून वळ उठला.

"पेट्रोलवर चालवता येईल? पाचच मिनिटं," तिने विचारलं.

अर्बनने बाटलीतून पेट्रोल दिलं, पट्टा उतरवला, नळाच्या तोंडाला सोबत आणलेला जुना सायलेन्सर सुतळीने बांधून धरला. त्याचे हात पोळत होते, पण सोडला नाही. इंजिन हळू झालं. आणखी हळू. आणि मग, अगदी तोच नाही, पण भिंतीपलीकडून ओळखीचं माणूस बोलावं इतपत तो आवाज आला. जयवंतने मान वळवून शेवंतीकडे पाहिलं. अर्बनने डोळे बाहीला पुसले, धुरामुळे असेल.

स्क्रू किंचित जास्त आत होता. इंजिन दर सात-आठ ठोक्यांनी अडखळत होतं. शेवंतीचा हात तिकडे गेला. डावीकडे पाव फेरा, बस, की नीट होईल. बोटं स्क्रूवर ठेवून ती थांबली.

"नको," ती म्हणाली. "असंच राहू दे. असंच घ्या टेपवर."

"आजारी आहे तो आवाज," अर्बन म्हणाला.

"म्हणूनच. चांगला ऐकवला तर बाबा ऐकून झोपतील. त्यांना काहीतरी दुरुस्त करायला नको का?"

अर्बनने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "मिस्त्रीची बेटी," तो पुन्हा म्हणाला, आणि तिच्या पोटात पुन्हा तेच सुख हललं. स्टुलावर बसल्याचं. तेव्हाच तिने सावध व्हायला हवं होतं.

चार मिनिटं टेप झाली. एमिलियाने तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. परतताना होडीत शेवंती कॅसेट पदरात गुंडाळून बसली होती, उत्तराच्या हाताला लागू नये म्हणून.

रविवारी नऊला तिने वडिलांना उशीला टेकवलं, तोंड पुसलं, खिडकी उघडली. टू-इन-वन खिडकीच्या चौकटीत, बाहेरच्या अंगाला ठेवला. आवाज नेहमीच्या जागेवरून यायला हवा. खाली अर्बन आणि जयवंत उभे. चंद्रप्रकाश पेढ्यांचा पुडा घेऊन फाटकातून आत आला, तोंडभर हसत. "लागला! नंबर लाग..."

"श्श," जयवंत म्हणाला.

शेवंतीने बटण दाबलं. आधी खरखर. मग कुठेतरी लांब एमिलियाची कोंबडी. मग ते.

मिस्त्रींचे डोळे उघडले. नजर छतावरून खाली आली, कान खिडकीकडे वळला. गोधडी हलली. डावा हात वर येत होता.

दोन महिन्यांनी. शेवंतीने उत्तराला छातीशी घट्ट धरलं. अंगठा आणि तर्जनी जुळली. हात हवेत थांबला, ऐकू लागला. इंजिन सात ठोके चाललं, आठव्याला अडखळलं. मिस्त्रींची बोटं फिरली. डावीकडे पाव फेरा. बरोब्बर.

खाली अर्बनची बोटंही सवयीने हवेत तेवढीच फिरली.

इंजिन सात ठोके चाललं आणि अडखळलं.

मिस्त्री थांबले. पुन्हा फिरवलं, डावीकडे, थोडं जास्त. अडखळ. कपाळाला आठी पडली. आता अर्धा फेरा. अडखळ. उजवीकडे फिरवून पाहिलं, पुन्हा डावीकडे, एक पूर्ण फेरा, दोन. शेवंतीला आत्ता कळलं. टेपमधल्या इंजिनाला स्क्रू नसतो. तिने बापापुढे आजारी गाडी ठेवली होती, आणि ती बरी करायची वाट मात्र गोराईच्या विहिरीवर सोडून आली होती.

बंद करावं तर गाडी त्यांच्या हातात मेली असं होईल. चालू ठेवावं तर हे. तिचा हात बटणापर्यंत जाऊन दोनदा मागे आला. चार मिनिटं. लेकराच्या तापातली रात्रही इतकी लांब नसते. शेवटी शेवटी मिस्त्री फिरवत नव्हते. त्यांनी हात डोळ्यांसमोर आणला होता आणि त्याच्याकडे बघत होते. आटे गेलेल्या पान्याकडे बघावं तसे, कधी कामाचा होता हे आठवत.

खट्. कॅसेट संपली.

मिस्त्रींनी हात गोधडीखाली घातला. खोलीत कोणाला शोधलं नाही. तोंड भिंतीकडे केलं.

"बाबा," शेवंती म्हणाली, "तुमचं बरोबर होतं. बाबा, पाव फेराच होता. बरोबर होतं तुमचं." तिने ते पुन्हा पुन्हा सांगितलं, मालवणीत सांगितलं, कानाशी वाकून सांगितलं. शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते ते काही आजचं नव्हतं.

ती पुन्हा गोराईला गेली. एकटी, उत्तराला पाठीशी बांधून. ह्या वेळी आधी आजारी आवाज घेतला, मग थांबून स्क्रू फिरवला आणि बरा झालेला आवाज घेतला. मधे किती वेळ ठेवायचा ते श्वास मोजून ठरवलं. रेमंडने तिच्यासाठी दोनदा पट्टा उतरवला. एमिलियाने पोरीला भेंडीचं फूल दिलं. त्या रविवारी मिस्त्रींनी डोळे उघडले. ऐकलंही असावं, मान थोडी कलली. सात ठोके, अडखळ. मग ती थांबलेली जागा, जिथे बोटं फिरायची. मग लयीत, अगदी लयीत, इंजिन चालत राहिलं. गोधडी हलली नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी तिने टेप लावला नाही.

कट्टा बसला होता. तो कोणासाठी थांबतो? पण आवाज तिघांचाच वाटत होता. स्टूल तसंच रिकामं होतं, कोणी उचललं नव्हतं.

"पांढरीच घे," जयवंत म्हणत होता. "ऊन कमी धरते."

"लाल बघितलीस का पण? बायको लाल म्हणते."

"बायकोला विचारून गाडी घेतात काय?" अर्बन म्हणाला, आणि त्याची नजर रिकाम्या स्टुलावर गेली. मग चंद्रप्रकाश हळूच म्हणाला, "पद्मिनी काढतोय मी. कोणी असेल तर सांगा."

आत शेवंतीने पेजेची वाटी उशाशी ठेवली. चमच्याने पहिला घास भरवला, तो आला तसा ओठांच्या कडेने बाहेर आला. तिने पुसलं. दुसरा भरवला. उत्तरा खाटेचा पाय धरून उभी होती, वाळे वाजवत. भिंतीकडच्या डोळ्यांत काही हललं नाही.

तिने वाटी खाली ठेवली आणि गोधडीखाली हात घालून त्यांचा हात शोधला. गार होता, नाडी मात्र चालत होती. वाटलं होतं, मूठ मिटलेली असेल, ती सोडवावी लागेल. मूठ नव्हती. पाची बोटं ताठ, सुटी सुटी पसरलेली होती, आणि अंगठा तर्जनीपासून सगळ्यांत दूर. कोणी कोणाला लागू नये अशी.